मायलेकींची दातखीळ

रिसोडच्या बाजारात दुलीचंदजींचं किराणा दुकान ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्यांची सून त्रिशलाही ठाऊक असते. पण तिला तोंड भरून हसताना कुणी पाहिलेलं नसतं. ती हसत नाही असं नाही. पण हसू आलं की आधी पदर तोंडावर जातो आणि मग हसू बाहेर येतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा शेजारणींना वाटलं, सून लाजरी आहे, वळणाची आहे. सासूबाई पानाबाईंनी तर मंदिरात चारचौघींपुढे तिचं कौतुकही केलं.

खरी गोष्ट वेगळी होती. त्रिशलाच्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढा गेल्यात जमा होत्या. वरची एक अर्धी मोडून काळी पडली होती आणि पुढच्या दाताला कडेनं कीड लागली होती. ती सगळं डाव्या बाजूनं चावायची. पोळी वरणात भिजवून, मऊ करून खायची. दुखणं उठलं की दाढेत लवंग दाबून, गालाला हात लावून ओट्याशी उभी राहायची, आणि कुणी विचारलंच तर डोकं दुखतंय म्हणून सांगायची. नवऱ्याला, सन्मतीलासुद्धा, कित्येक वर्षं याचा पत्ता नव्हता. दातांच्या दवाखान्याची पाटी दिसली की ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायची. ही गोष्ट तर तिनं स्वतःशीही कधी बोलून दाखवली नव्हती.

तिचं माहेर इंझोरीचं. वडिलांचं गावात लहानसं दुकान होतं, आणि पोहरादेवीची यात्रा भरली की ते तिथे नारळ आणि रेवड्यांचं दुकान मांडत. त्रिशला तिसरी-चौथीत असेल. त्या वर्षी यात्रेतच तिची दाढ ठणकायला लागली. रडणं थांबेना, गिऱ्हाईक तर रीघ लावून उभं. तिथेच एका झाडाखाली दात काढणारा एक माणूस बसलेला होता. पुढे मळकं फडकं पसरलेलं आणि त्यावर माणसांच्या दातांचा ढीग. वडील म्हणाले, चाल, तो नुसता पाहून देईल. काकांनी तिला मांडीवर घेतलं. त्या माणसानं खरंच आधी नुसतं पाहिलं, आणि मग काकांना डोळ्यानं खूण केली. काकांनी तिचे हात आवळले, वडिलांनी डोकं धरलं. तिनं त्या माणसाचं बोट कडकडून चावलं. तो ओरडला, आजूबाजूचे लोक हसले, आणि त्यानंतर काय झालं ते तिला नीट आठवत नाही. तोंडातलं रक्त तेवढं आठवतं, आणि वडिलांनी मुठीत कोंबलेल्या रेवड्या.

घरात मात्र ही गोष्ट गमतीची होऊन बसली. तिचा मोठा भाऊ मयंक ती रंगवून सांगायचा. दात काढणारा कसा बोट झटकत नाचला, काका कसे मागे पडले, त्रिशला कशी वाघिणीसारखी गुरगुरली. दरवर्षी दिवाळीला, भाऊबीजेला, पाहुणे जमले की ही गोष्ट निघणारच. सगळे पोट धरून हसायचे आणि त्रिशलाही पदराआडून हसायची. हसली नसती तर लोकांनी विचारलं असतं, काय झालं म्हणून.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, नवससायास, अकोल्याचे दवाखाने असं सगळं झाल्यावर टीना झाली. घरात एकच लेकरू. दुलीचंदजींचा तर जीव की प्राण. सकाळी दुकान उघडलं की पहिला मान नातीचा. गल्ल्याजवळ गोळ्या-चॉकलेटांच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. टीना रडली, बरणी उघडली. टीना पडली, बरणी उघडली. जेवत नाही, शाळेत जात नाही, आजोबांनी दुकान सोडून उठू नये म्हणून रुसली, प्रत्येक वेळी एकच औषध. रात्री झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली. ती शाळेत जायला लागली तरी बाटली सुटली नव्हती. दूध पितापिताच ती झोपी जाई आणि बाटली तोंडातून अलगद काढून घ्यावी लागे.

पानाबाई स्वतः सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत. घर जैन, त्यात त्यांचा नेम कडक. लेकराला कसला नेम, म्हणून दुधाला मोकळीक होती. पण दूध पिऊन झाल्यावर चूळ भरावी, ब्रश करावा, ही रीतच या घरात नव्हती. रात्री तोंडात पाणी घ्यायचंच नाही, तर ब्रश कुठला? त्रिशलाच्या मनात कधी कधी यायचं की पोरीचे दात घासून द्यावेत. पण टीना तोंड उघडायची नाही, आणि त्रिशलालाही त्या उघड्या तोंडात डोकावून पाहायची हिंमत होत नसे. ज्या दिवशी पाहिलं, त्या दिवशी वरच्या पुढच्या दातांच्या कडा तपकिरी दिसल्या. दुलीचंदजी म्हणाले, दुधाचे दात, पडून जातीन, चिंता कायची. तिला तेच ऐकायचं होतं. तिनं ते ऐकलं आणि विषय संपवला.

आणखी एक सवय घरात होती. टीना ऐकेनाशी झाली की कुणी ना कुणी म्हणायचं, थांब, दातवाल्या डॉक्टरकडे नेतो, तो सांडशीनं दात उपटते. पानाबाई म्हणत, सन्मती म्हणे. त्रिशलाही म्हणे. बागुलबुवाला टीना भीत नसे, पोलिसाला भीत नसे, पण या धमकीनं चटकन गप्प होई. लागू पडतं म्हटल्यावर कोण सोडतं?

टीना सहा वर्षांची असताना दिवाळीत मयंक रिसोडला आला. जेवणं झाल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे पोहरादेवीची गोष्ट काढली. सगळे हसत होते. त्रिशलाचं लक्ष सहज टीनाकडे गेलं. ती आजोबांच्या मांडीवर बसलेली, आणि हसत नव्हती. ती एकटक आईच्या तोंडाकडे पाहत होती. मग तिनं हळूच विचारलं, "मामा, मम्मीले कोनं धरलं होतं?"

"पप्पानं," मयंक हसत म्हणाला.

टीना सन्मतीकडे पाहून आजोबांच्या मांडीवरून उतरली आणि आत निघून गेली. त्रिशलाला वाटलं, उठून जावं, पोरीला जवळ घेऊन सांगावं की पप्पा म्हणजे तुझे नव्हेत, माझे. पण तेवढ्यात चहा ठेवायची वेळ झाली.

पुढच्या उन्हाळ्यात टीनाची खालची दाढ दुखायला लागली. दोन रात्री घरात कुणाला झोप नाही. लवंग झाली, हिंग झाला, मेडिकलमधली गोळी झाली. शेवटी दुलीचंदजींनी ठरवलं की दाढ काढून टाकायची, रोजचं रडणं नको. गावातल्याच एका दवाखान्यात सन्मती बोलून आला. प्रश्न टीनाला न्यायचं कसं एवढाच होता. दुलीचंदजी म्हणाले, बूट घ्यायले चाल म्हणून सांगा. रेवड्यांचं दुकान, झाडाखालचं फडकं, सगळं त्रिशलाच्या डोळ्यांपुढून गेलं. तरी टीनाची वेणी तिनंच घातली आणि बूट घ्यायला जायचंय असं तिनंच सांगितलं. तिच्या तोंडून ते आलं म्हणूनच टीनाला खरं वाटलं.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावरही टीना इकडेतिकडे पाहत होती. मग तिनं आईचा पदर ओढला.

"मम्मी, इथं बूट कुठं हायत?"

तेवढ्यात आतून हाक आली. पुढचं फार झटपट झालं. गर्दी होती, डॉक्टरांना घाई होती. ते म्हणाले, पोरगी हलू देऊ नका. सन्मतीनं हात धरले, दुलीचंदजींनी डोकं धरलं, पाय धरायला त्रिशलाला सांगितलं. तिनं पाय धरले. ते लहानसे पाय तिच्या तळहातांत झटके देत होते. सुई दिसली तेव्हा टीना किंचाळली नाही. ती आईकडे पाहून म्हणाली, "मम्मी, मले सोडव." त्रिशलाचे हात सुटले. तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला आणि ती बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. आतून येणारा आवाज तिला तिथेही ऐकू येत होता.

परत येताना सन्मतीनं खरंच बूट घेतले. लाल, दिवे लागणारे. टीनानं ते कधी पायात घातले नाहीत. त्या रात्री तिनं दुधाची बाटलीही मागितली नाही. दुलीचंदजी समाधानानं म्हणाले की पाहा, एक डाव हिंमत केली तं सारं ठीक झालं, आता पोट्टी रडतही नाही.

आणि टीना खरंच रडेनाशी झाली. दाढ दुखते म्हणून ती पुन्हा कधी म्हणाली नाही. शाळेत जाई, येई, दुकानात बसे, बरणीतलं चॉकलेट घेई. घर निवांत झालं. फक्त त्रिशला निवांत नव्हती. काही महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की पोरगी बिस्कीट चहात भिजवून, विरघळवून खाते. पेरू दिला तर दप्तरात तसाच परत येतो. घास नेहमी एकाच बाजूला. एकदा दुपारी टीना खिडकीशी गालाला हात लावून उभी होती, आणि त्रिशलाला क्षणभर वाटलं की आपण आरशात पाहतोय.

तिनं विचारलं, "काय होऊन राह्यलं बाई तुले?"

"डोकं दुखते," टीना म्हणाली.

त्रिशलाला सगळं कळलं. कळलं, आणि ती गप्प बसली. या गप्प बसण्याचा जाच तिला नंतर फार झाला. कारण त्या दिवशी तिनं पुढचा प्रश्न विचारला असता, तर दवाखान्यात जावं लागलं असतं. पुन्हा ते धरणं, पुन्हा ते पाय. तिनं पोरीच्या कपाळाला बाम चोळला. डोक्याला काही झालेलं नाही हे बाम लावणारीलाही ठाऊक होतं आणि लावून घेणारीलाही.

पौषातल्या एका सकाळी टीना अंथरुणातून उठलीच नाही. उजवा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता, कातडी ताणून लाल झाली होती, अंग तव्यासारखं तापलं होतं. तोंड उघडत नव्हतं. उघडायचं नाही म्हणून नव्हे, आता ते उघडतच नव्हतं. सन्मतीनं ओळखीची जीप बोलावली आणि मायलेकींना घेऊन तो वाशीमला निघाला. वाटेत त्रिशलानं पोरीचं डोकं मांडीवर धरलं होतं. टीना दातओठ आवळून एकच विचारत होती, "कुठं जाऊन राह्यलो?" सन्मती म्हणाला, मावशीकडे. त्रिशलानं नवऱ्याकडे पाहिलं, पण त्या वेळीही तिच्या तोंडून खरं निघालं नाही.

वाशीमला डॉक्टर अमरसिंग नावाचे दातांचे डॉक्टर होते. मानोऱ्याकडचे, मध्यम वयाचे, बोलायला तुटक. त्यांनी टीनाच्या तोंडाला हात लावला नाही. नुसता बाहेरून गाल पाहिला, ताप पाहिला, गळ्याखाली चाचपलं आणि म्हणाले की इथं वेळ घालवू नका, पू पसरला आहे, अकोल्याला मोठ्या दवाखान्यात भरती करा, मी फोन करून ठेवतो. सन्मतीनं विचारलं, दाताच्या दुखण्यानं एवढं होतं? डॉक्टर म्हणाले, होतं, आणि श्वासालाही अडथळा येऊ शकतो. सन्मतीचा चेहरा पांढराफटक पडला. तोवर त्याला वाटत होतं की ही दाढदुखीच आहे.

अकोल्यात टीनाला सलाईन लागलं. सूज थोडी उतरल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता भूल देऊन किडलेल्या दाढा काढू आणि पू वाहू देऊ. दुलीचंदजी आणि पानाबाईही तोवर येऊन पोचले होते. दुलीचंदजी खाटेशी वाकून नातीला सांगायला लागले की काही नाही बेटा, नुसता फोटो काढायचा आहे.

"बाबूजी," त्रिशला म्हणाली, "नोका सांगू असं."

या घरात येऊन तिला बारा-तेरा वर्षं झाली असतील. सासऱ्यांना अडवण्याची ही तिची पहिलीच वेळ. दुलीचंदजी सरळ झाले आणि बाजूला सरले. त्रिशला खाटेवर बसली.

"टीना, आयक. फोटो नाई काढत. तुले भूल देऊन झोपवतीन. झोपीतच खराब दाढा काढतीन. तुले तवा समजनार नाई. पन उठशीन तं दुखन. रक्तही दिसन थोडं. मले आत येऊ देत नाई, मी दारापाशीच बसून राहीन."

टीनाच्या सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते.

"आता खरं सांगून राह्यली?"

"हो."

"बुटाच्या वक्ती नवतं सांगतलं."

"नाई सांगतलं," त्रिशला म्हणाली.

टीना आत गेली ती रडतच गेली. खरं सांगितलं म्हणून तिची भीती कमी झाली, असं काही घडलं नाही. दाराची फटही मिटेपर्यंत तिनं हात लांब केलेला होता. पण उठल्यावर, ग्लानीत, तिनं सगळ्यात आधी दाराकडे पाहिलं. आई तिथे होती.

घरी आल्यावर खरा त्रास सुरू झाला. दुलीचंदजींना फार लागलं होतं, आणि ते लागणं रागातून बाहेर पडत होतं. ते म्हणाले की सारा दोष आता बरण्यांवर आणि माझ्यावर येईल, म्हाताऱ्यानं लाड केले म्हणून. सन्मती म्हणाला, दोष कुणाचा नाही, पण बरण्या तिथून उचला. बापलेकांचं दोन दिवस बोलणं बंद. पानाबाई मध्ये पडल्या. त्या सुनेला म्हणाल्या की माझ्या नेमापायी लेकराच्या तोंडात पाणी गेलं नाही, हे मला आधी का सांगितलं नाहीस? दात घासणं म्हणजे काही जेवणं नव्हे, आणि नेम माझा आहे, तिचा नाही. त्रिशला म्हणाली, मला सांगायला सुचलंच नाही. ते खोटं होतं. सुचलं होतं. पण सांगितलं असतं तर दातांचा विषय निघाला असता, आणि दातांचा विषय निघू नये म्हणूनच तर ती इतकी वर्षं या घरात वावरत होती.

पुढे तपासणीसाठी डॉक्टर अमरसिंगांकडे जायचं होतं. या वेळी त्रिशलानं टीनाला आदल्या दिवशीच सांगितलं. टीना जेवली नाही, रात्री दोनदा उठली, सकाळी एसटीत तिला उलटी झाली. तिथे पोचल्यावर ती दवाखान्याच्या दारातच खांबाला मिठी मारून उभी राहिली. डॉक्टर बाहेर आले, तिला पाहिलं आणि म्हणाले की राहू द्या, आज आत यायचं नाही. मग त्यांनी त्रिशलाला विचारायला सुरुवात केली. रात्री काय पिते, दात कोण घासून देतं. त्रिशलानं सगळं खरं सांगितलं. मग ते म्हणाले, "घरात दाताच्या डॉक्टरचं नाव कधी निघते, ताई?"

त्रिशलानं विचार केला आणि तिला जाणवलं की दोनच वेळा निघतं. पोरीला भेव दाखवायचं असतं तेव्हा, आणि मयंक हसवायला बसतो तेव्हा. तिनं ते सांगितलं. पोहरादेवीची गोष्टही सांगितली. ती गोष्ट तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं सांगितली, आणि सांगताना कुणीच हसलं नाही. डॉक्टरही हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमचं तोंड दाखवता?"

तिचा हात आपसूक तोंडावर गेला. दातखीळ बसल्यासारखे जबडे आवळले गेले. आणि तेवढ्यात तिला दारातून दिसलं की खांबाला धरून उभी असलेली टीना तिच्याकडेच पाहते आहे. मयंकच्या गोष्टीच्या वेळी पाहत होती, अगदी तशीच.

त्या दिवशी त्रिशलाला तोंड उघडता आलं नाही. पुढच्या आठवड्यात येते म्हणाली आणि निघाली. एसटीत त्रिशलाला कळत होतं की पोरीनं आज जे पाहिलं, ते तिच्या मनात कायमचं जाऊन बसणार.

पुढच्या आठवड्यात ती गेली. टीनाला न्यायचं तिच्या मनात नव्हतं, पण पोरगी स्वतःच म्हणाली, मी येतो, मी बाहेर बसतो. त्रिशला खुर्चीवर बसली तेव्हा तिच्या पाठीला घाम फुटला होता. डॉक्टर प्रत्येक गोष्ट आधी सांगत होते आणि मग करत होते. दुखलं तर हात वर करा म्हणाले. तिनं पुन्हा पुन्हा हात वर केला आणि दर वेळी ते थांबले. एकदा तर ती खुर्चीवरून उतरून खिडकीशी जाऊन रडून आली आणि परत बसली. चाळिशीला आलेली बाई अशी रडते, याची तिला लाज वाटत होती. मोडकी दाढ निघाली. कापसाचा बोळा दातांत धरून ती बाहेर आली तेव्हा टीना बाकावर नव्हती. ती आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

बसस्थानकावर बसल्यावर टीनानं विचारलं, "तुले कोनं धरलं होतं?"

त्रिशलानं मान हलवली. कोणीच नाही.

"मग तू पळून काहून नाई गेली?"

बोळ्यामुळे त्रिशलाला बोलता येत नव्हतं. तिनं बोळा काढला, रुमालात गुंडाळला. "पळावं वाटत होतं," ती म्हणाली. "आताबी भेव वाटून राह्यलं. पुढच्या डावालेबी वाटन."

टीनानं आईच्या गालाकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

याला आता वर्ष होऊन गेलं. टीना धीट झाली, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. बूट आणायला चल म्हटलं की ती आजही दोनदा विचारते, कुठं, कोणत्या दुकानात. बापावर तिचा पूर्वीसारखा विश्वास नाही, आणि सन्मतीला ते सलतं. आजोबांच्या दुकानातल्या बरण्या आता मागच्या फळीवर गेल्यात. दुलीचंदजी नातीला दाणे-फुटाणे देतात, ते देताना त्यांचा चेहरा पडलेला असतो. गेल्या दिवाळीत मयंकनं पुन्हा ती गोष्ट काढायला सुरुवात केली. त्रिशला त्याला म्हणाली, दादा, ती गोष्ट आता नको. मयंकला वाईट वाटलं. त्याला कळलंही नाही, गमतीच्या गोष्टीत एवढं काय आहे.

डॉक्टर अमरसिंगांकडे टीना आईबरोबर जाते. आधी दारापर्यंत, मग बाकापर्यंत, मग एकदा खुर्चीच्या कडेवर बसली आणि आरसा हातात घेऊन स्वतःचेच दात पाहून उतरली. मागची पक्की दाढ किडायला लागली आहे, ती वेळेत भरली नाही तर तीही जाईल, असं डॉक्टरांनी त्रिशलाला स्पष्ट सांगितलंय. धरून भरता येईल, असं सन्मती अजून म्हणतो. त्रिशला नाही म्हणते. मग रात्रभर तिला वाटत राहतं की आपण नाही म्हणून चूक तर करत नाही ना. पोरीचा विश्वास सांभाळता सांभाळता दाढ जायची, आणि दाढ वाचवायला जावं तर विश्वास जायचा.

परवा सकाळी न्याहारीला बसल्यावर टीनानं दुधाचा पेला खाली ठेवला आणि आपणहून म्हणाली, "मम्मी, इकडं ठनकते. थंड लागलं की."

त्रिशलाच्या तोंडाशी आलं होतं की काही नाही होत बाई, थांबेल आपोआप. ते तिनं गिळलं. "कवापासून?" तिनं विचारलं.

"चार-पाच दिवस झाले. सांगू का नाई, असं वाटत होतं."

"बरं केलं सांगतलं. उद्या जाऊ. डॉक्टर काय करतीन ते मले आता माहीत नाई. ते करायच्या आधी त्याहिले विचारून तुले सांगीन."

"मी तोंड नाई उघडनार," टीना म्हणाली.

"नोको उघडू. पन चाल."

टीनानं दूध तसंच ठेवलं आणि दप्तर भरायला उठली. त्रिशला पेला उचलून ओट्याकडे गेली. दूध कोमट करावं की टाकून द्यावं, हे तिला ठरवता येईना.